सपरीत वाचलेलं इंग्रजी

करंजटोला, पोस्ट तिरोडा
ता. ९ ऑगस्ट १९३५

तीर्थस्वरूप दादास प्रेमिलाचा शिरसाष्टांग नमस्कार.

सुलोचना वहिनीनं पाठवलेली चोळी मिळाली. बाह्या सैल होतात, म्हणजे वहिनी मला अजून लग्नाआधीचीच गुटगुटीत समजते. इथं धानाची रोवणी संपत आली. सासूबाई मला चिखलात उतरू देत नाहीत. म्हणतात, "मास्तरची बहीन आहेस तू, तुह्या पायाले जळवा लागतीन." जळवांना मास्तर काय आणि पाटील काय! पण मी गप्प बसते आणि बांधीवर भाकरी पोचवते.

आता कामाचं. तिकडचं पत्र आलं. नवऱ्याचं खरगपूरहून महिन्याला एक पत्र येतं, तेही सासऱ्यांच्या, म्हणजे मामाजींच्या नावानं. इथली रीत तुला सांगायला हवी. पत्र आलं की मामाजी सपरीत, दारापुढच्या पडवीत, खाट टाकून बसतात, चष्मा लावतात आणि सगळ्यांदेखत मोठ्यानं वाचतात. शेजारचे दुलीचंद काका हातातलं काम टाकून ऐकायला येतात. घरातून जाणारं पत्रही पेटीत टाकण्याआधी असंच वाचलं जातं. सुटका आहे ती फक्त माहेरच्या पत्रांची, आणि तीही सासूबाईंमुळे. त्या म्हणतात, "सुनेच्या माहेरच्या पत्रात सासूचीच चुगली राहते. ते वाचून कोनाचं भलं झालं?" म्हणून हे पत्र तुला मोकळेपणानं लिहिते आहे. तू तुझा पत्ता घालून दिलेल्या पाकिटांतलं हे पहिलं.

तर या वेळी पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, "घरात इंग्रजीचा सराव राहावा म्हणून खालची ओळ." मामाजींची छाती फुगली. "माह्या सुनेले इंग्रजी येते," असं म्हणून त्यांनी मला दाराआडून बाहेर बोलावलं. दादा, हे तुझंच करून ठेवलेलं आहे. मुलाला इंग्रजी जाणणारी बायको हवी म्हटल्यावर तू ठोकून दिलंस, "माझी बहीण इंग्रजी वाचते," आणि मी पहिल्या पुस्तकातलं कोल्ह्याचं पान तोंडपाठ म्हणून दाखवलं. त्या कोल्ह्यापुढं मला काय येतं? अक्षराला अक्षर जोडून उच्चार करता येतो, बस्स.

पदर सावरून मी वाचलं, "आय लाइक यू."

मामाजींनी विचारलं, "काय म्हनते?" मी म्हटलं, "खुशाल आहेत." सगळ्यांनी माना डोलावल्या.

'आय' म्हणजे मी आणि 'यू' म्हणजे तुम्ही, एवढं मला ठाऊक आहे. मधलं 'लाइक' काय ते कळव. लग्नानंतर माणूस पंधरा दिवस घरात होता, त्यात माझ्याशी दहा वाक्यं बोलला असेल. जाताना विचारलं, "इथं करमते का?" मी "हो" म्हटलं, आणि "तुम्हाला तिकडं?" हे विचारायचं राहून गेलं. तेवढ्यावर माणूस कसा ओळखायचा? म्हणून ती ओळ मला नीट कळायला हवी आहे.

तुझी
प्रेमिला

गोंदिया
ता. १३ ऑगस्ट १९३५

चि. सौ. प्रेमिलास अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. तू सांगितलेला अर्थ बरोबर आहे. मी खुशाल आहे, तुम्हीही खुशाल असा, असा एकंदर आशय. इंग्रजीत खुशाली कळवण्याच्या नाना तऱ्हा असतात. त्यात डोकं शिणवू नकोस.

इंग्रजी येत नाही हे मात्र सासरी उघड करू नकोस. माझ्या शब्दाची लाज राख. पुढं ओळी आल्या तर अक्षरं चिठोऱ्यावर उतरवून मला पाठव, मी अर्थ कळवीन.

इकडं पाऊस बरा आहे. शाळेत सातवीच्या वर्गाला क्रियापदं शिकवतो आहे. या गावात माझी भाजीवालीसुद्धा माझ्याशी हिंदीत भाव करते, मग पोरांना इंग्रजी ही तिसरी भाषा की चौथी हे देवालाच ठाऊक. तुझी वहिनी राखीला म्हणून कामठ्याला माहेरी गेली आहे. घर शांत आहे. मी आपला भात लावतो आणि जेवतो. एकट्या माणसाला इतकी भांडी कशी लागतात, कळत नाही.

तुझा दादा
शालीकराम

करंजटोला
ता. २० सप्टेंबर १९३५

तीर्थस्वरूप दादास नमस्कार.

वहिनी परत आली का? तिला सांग, चोळीच्या बाह्या मी उसवून बसवल्या.

तिकडचं दुसरं पत्र आलं. त्यात इंग्रजीच्या दोन ओळी आहेत, चिठोरा सोबत आहे. मी वाचल्या त्या अशा: "आय ॲम फॉन्ड ऑफ यू. आय मिस यू इन द इव्हनिंग." दुलीचंद काकांना ऐकायला इतकं गोड वाटलं की त्यांनी मला दुसऱ्यांदा वाचायला लावलं. "वा! कशी झऱ्यासारखी भाषा आहे गा," म्हणाले. अर्थ विचारला तेव्हा मी सांगितलं, तब्येत जपा म्हणतात. सासूबाईंनी लगेच माझ्या ताटात तुपाचा चमचा जास्त वाढला. म्हणजे खोट्याचाही फायदा होतो, पण खरं काय आहे ते मला हवं.

परवा बोडीवर भांडी घासायला गेले होते. पाण्यात सिंगाड्याचे वेल पसरले आहेत. मनात आलं, खरगपुरात सिंगाडे मिळत असतील का? आणि त्यांना ते आवडत असतील का? नवऱ्याला काय आवडतं हे मला माहीत नाही, दादा. कोणाला विचारायची सोयही नाही. सासूबाईंना विचारलं तर म्हणतील, "तुले कायले पाहिजे आताच? येईन तवा पाहजो."

तुझी
प्रेमिला

गोंदिया
ता. २४ सप्टेंबर १९३५

चि. सौ. प्रेमिलास आशीर्वाद.

'इव्हनिंग' म्हणजे संध्याकाळ. संध्याकाळी ऑफिसचं काम फार असतं, असा आशय आहे. 'फॉन्ड' हा शब्द जरा अवघड. तो प्रकृतीशी संबंधित धरून चाल. तुझा तर्क जवळपास बरोबरच होता.

उत्तरात घरचं सर्व क्षेम लिहावं. स्वतःबद्दल फार लिहू नये, ते शोभत नाही.

वहिनी आली आहे. मी तुला पत्र लिहायला बसलो की विचारते, "तीन कागद फाडले तुमी. दोन ओळीसाठी?" बायकांना कसलीही चौकशी पुरते.

भाऊबीजेला येतो आहे.

शालीकराम

करंजटोला
ता. ५ नोव्हेंबर १९३५

तीर्थस्वरूप दादास नमस्कार.

तू ओवाळून घेतलंस, चार घास जेवलास आणि संध्याकाळच्या गाडीला पळालास. मंडईची जत्रासुद्धा पाहिली नाहीस. इतकी कसली घाई होती? पाटावर बसला होतास तेव्हा मी नवा चिठोरा तुझ्या हातात दिला, तर तू तो एकदा पाहून खिशात घातलास आणि तुझे कान लाल झाले. "गोंदियाला जाऊन कळवतो," म्हणालास. शाळेत शंभर पोरांना उभ्या उभ्या अर्थ सांगणारा माणूस तू! मला वाटलं, काही वाईट बातमी आहे. आठ दिवस झाले, तुझं पत्र नाही.

तू चिठोरा हरवला असशील तर पुन्हा लिहिते. "आय लव्ह यू. डू यू केअर फॉर मी? प्लीज आन्सर." यात प्रश्नचिन्ह आहे, ते कोल्ह्याच्या पानावरही होतं, म्हणून मला ओळखता आलं. म्हणजे काहीतरी विचारलंय आणि उत्तराची वाट पाहणं चाललं आहे. मामाजीही रोज विचारतात, "पोरानं काय विचारलं? जवाब दे नं बापा!" मी किती दिवस टाळू?

लवकर कळव. प्रश्नाला उत्तर गेलं नाही तर माणसाला काय वाटेल?

तुझी
प्रेमिला

गोंदिया
ता. ९ नोव्हेंबर १९३५

चि. सौ. प्रेमिलास आशीर्वाद.

काळजीचं कारण नाही. यंदा धान कसं आहे आणि किती होईल, अशी विचारणा आहे. घरच्या मोठ्या मुलाला शेताची काळजी असायचीच. चुरणं-मळणी झाली की आकडा कळवावा.

शाळेची तपासणी आहे म्हणून अधिक लिहीत नाही.

शालीकराम

करंजटोला
ता. ६ जानेवारी १९३६

तीर्थस्वरूप दादास नमस्कार.

चुरणं झालं, बावीस खंडी धान झालं. मामाजींनी तिकडं पत्र लिहिलं, त्यात खाली मी माझ्या हातानं ओळ घातली, "आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर: बावीस खंडी." मामाजींनी ती सपरीत वाचली आणि म्हणाले, "हिशोबाची पोरगी आहे."

त्यावर महिनाभर तिकडून काहीच आलं नाही. मग तीन ओळींचं कार्ड आलं, त्यात इंग्रजीचं एक अक्षर नव्हतं. मला वाटलं, धान कमी वाटलं की काय? यंदा पाण्यानं मारलं, तरी बावीस खंडी म्हणजे वाईट नाही. आता परवा मोठं पत्र आलं. त्यात इंग्रजी पुष्कळ आहे, सात-आठ ओळी. पण दादा, या वेळी मी चिठोरा उतरवून पाठवत नाही. दर खेपेला तेच, तब्येत, ऑफिस आणि धान. तुझा वेळ कशाला घालवू? मामाजींना मी सांगितलं, रब्बीचं विचारतात. उत्तरात लाखोळी बरी आहे असं लिहून टाकलं.

तुला म्हणून सांगते. आधी पत्र आलं की मी हातातलं काम टाकून दाराआड यायचे. आता येत नाही. सासूबाईंच्या पेटीत सगळी पत्रं आहेत. त्या नसताना मी काढून पाहते. माणूस इतके महिने लिहितो आणि त्यात बायको कुठंच नाही. नागपूरला मास्तरकीच्या शिक्षणाला असताना तू वहिनीला लिहायचास, तेव्हाही असंच लिहायचास का? ऑफिसशी लग्न लागावं तसं झालंय माझं. असू दे. नशीब म्हणायचं आणि दळण घ्यायचं.

तुझी
प्रेमिला

खरगपूर
ता. १० मार्च १९३६

रा. रा. शालीकराम मास्तर यांस गोवर्धनचा सा. नमस्कार.

आपल्याला स्वतंत्र पत्र लिहिण्याचा हा पहिलाच प्रसंग. मजकूर नाजूक आहे, म्हणून क्षमा असावी.

आमच्या घरी पत्र कसं वाचलं जातं ते आपण जाणता. बाबांसमोर बायकोला दोन शब्द लिहिण्याची सोय आमच्याकडे नाही. आपली बहीण इंग्रजी जाणते हे लग्न ठरताना कळलं, तेव्हाच मनात ठरवलं होतं की त्या भाषेचा आडोसा घ्यायचा. गावात दुसऱ्या कोणाला ती येत नाही. ऑगस्टात घाबरत एक ओळ लिहिली. उत्तरात सर्व क्षेम आलं. मला वाटलं, लाजत असेल. सप्टेंबरात थोडं धाडस केलं. पुन्हा सर्व क्षेम. दिवाळीत मी सरळ सरळ विचारलं की तुला माझ्याबद्दल काही वाटतं का. त्यावर उत्तर आलं, बावीस खंडी.

ते पत्र मी चार दिवस खिशात घेऊन फिरलो. आधी वाटलं, थट्टा आहे. थट्टा असती तरी मला आनंद झाला असता. पण पुढं मागं काहीच नव्हतं.

आता मुख्य गोष्ट. रेल्वेनं मला क्वार्टर देऊ केलं आहे. दोन खोल्या आहेत, मागं पेरूचं झाड आहे. पण कुटुंब येणार असेल तरच ते मिळेल, आणि ३१ मार्चच्या आत साहेबांना सांगायचं आहे. कुटुंब येणार नसेल तर मला वाल्टेअरच्या बाजूला तीन वर्षांसाठी जायचं आहे, तिकडं सड्या माणसांची गरज आहे. जानेवारीत मी हे सगळं तिला इंग्रजीत लिहिलं. येशील का, असं दोनदा विचारलं. उत्तरात लाखोळी बरी आहे असं आलं.

बाबांना मराठीत लिहिलं असतं तर त्यांनी तिला दुसऱ्या दिवशी गाडीत बसवून दिलं असतं. पण हुकुमानं आलेली बायको मला नको आहे. तिच्या मनात असेल तर तिनं यावं. मनात नसेल तर तिचा दोष नाही, पंधरा दिवसांच्या ओळखीत मन कसं बसावं? आपण तिला रागावू नये. एकदाच विचारून मला होय किंवा नाही कळवावं, म्हणजे मी वाल्टेअरला जायला मोकळा.

आपला
गोवर्धन

गोंदिया
ता. १३ मार्च १९३६

प्रेमिला,

हे पत्र एकटी असताना वाच. सोबत तुझ्या नवऱ्याचं पत्र जोडलं आहे. ते आधी वाच, मग माझं वाच.

वाचलंस? आता मला काय म्हणायचं ते म्हण.

मी तुला सगळे अर्थ खोटे सांगितले. धान कोणी विचारलं नव्हतं. ऑफिसचं काम, प्रकृती, खुशाली, काहीच नव्हतं त्यात. तुझा नवरा तुला काय लिहितो ते मला पहिल्या दिवसापासून स्वच्छ कळत होतं. पण मी तुझा भाऊ, प्रेमिला. आई गेल्यावर मी तुझ्या वेण्या घातल्या, त्याही वाकड्या. तुझ्या नवऱ्याचे ते शब्द मराठीत लिहायला टाक उचलला की माझे कान तापायचे. असलं भावानं बहिणीला सांगायचं नसतं, एवढंच मला समजत होतं. वाटायचं, नवरा-बायको आहेत, पुढं भेटतील, त्यांचं ते पाहून घेतील. भाऊबीजेला तू चिठोरा दिलास, तेव्हा तर पाटावरून उठून पळावंसं वाटलं. धानाचं मला गाडीत सुचलं, खिडकीतून धानच दिसत होतं.

पंधरा वर्षं मी ही क्रियापदं शिकवतो आहे. आय लाइक मँगोज. ही इज फॉन्ड ऑफ हिज डॉग. पोरं ओरडून म्हणतात आणि मी फळ्यावर लिहितो. आंब्यापुढं आणि कुत्र्यापुढं मी कधी गेलोच नाही. आज जायला हवं, कारण माझ्या लाजेपायी तुझं घर मोडायची वेळ आली.

'लाइक' म्हणजे आवडणं. यात कसली शपथ नाही, भार नाही. सिंगाडे उकडून ताटात पडले की तुझा चेहरा फुलतो, तसं त्याला तुला पाहून होतं. 'फॉन्ड ऑफ' म्हणजे सवयीनं जडलेला जीव. आपला आंधळा बैल आठवतो? कामाचा राहिला नव्हता, तरी बाबा त्याला वैरण दुसऱ्या कोणाला टाकू देत नव्हते. पंधरा दिवसांत इतकी सवय कशी जडते, ते मला विचारू नकोस. त्याला जडली आहे.

'मिस' या शब्दाला मराठीत एक शब्द नाही. मी वर्गात 'उणीव भासणे' असं लिहून देतो आणि पोरं ते पाठ करतात. पण तुला खरं सांगतो. आई गेल्यावर महिनाभर तू जेवणाच्या वेळी एक ताट जास्त घ्यायचीस. मग लक्षात आलं की परत ठेवायचीस. ते 'मिस'. तुझ्या नवऱ्याला ते रोज संध्याकाळी होतं, ऑफिस सुटल्यावर.

'केअर फॉर' म्हणजे एखाद्याचं आपल्याला काही वाटणं. ते त्यानं विचारलं होतं आणि त्यावर आपण बावीस खंडी धान पाठवलं.

राहिला 'लव्ह'. त्याला पुस्तकात प्रेम करणं म्हणतात. आपल्या घरात कोणी कोणाला तसं म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. आई बाबांना म्हणायची, "जेवून घ्या, भात निवून रायला." तेच असावं. पण तुझ्या नवऱ्यानं ते उघड लिहिलं आणि तू सपरीत उभी राहून सगळ्या गावासमोर वाचलंस. तुम्ही दोघं माझ्यापेक्षा धीट आहात.

गोवर्धनरावांनाही मी आजच लिहिलं आहे, लग्नातला खोटेपणा आणि हा, दोन्ही कबूल केले आहेत. त्यांना लिहिलं आहे की उत्तर मी देणार नाही, ज्याचं त्यानं द्यावं. तुला जावंसं वाटत असेल तर कळव, नसेल वाटत तर तेही कळव. पण आता मधे मला घालू नकोस. मी या कामाचा माणूस नाही.

रागावली असशील, तर तो तुझा हक्क आहे.

दादा

करंजटोला
ता. १८ मार्च १९३६

तीर्थस्वरूप दादास,

नमस्कार मागाहून. आधी राग घे.

तुझं पत्र पंधरा तारखेला मिळालं. मी ते गोठ्यात बसून वाचलं. बावीस खंडीपाशी आले तेव्हा हसू आलं आणि लगेच रडू आलं, आणि म्हैस माझ्याकडे पाहत राहिली. सात महिने, दादा! सात महिने मी समजत होते की या माणसाला माझ्याशी काही घेणं-देणं नाही. रात्रंदिवस मनात तेच. आणि तो माणूस तिकडं संध्याकाळी माझी वाट पाहत होता आणि इकडून मी त्याला लाखोळी कळवत होते. तू माझ्या वेण्या वाकड्या घातल्यास ते मी कधी बोलले नाही. हे मात्र बोलणार. आयुष्यभर बोलणार.

तू म्हणतोस जावंसं वाटतं का. जायला मी पहिल्या पत्रालाच तयार झाले असते, अर्थ कळला असता तर.

दोन दिवस विचार केला. तू दिलेल्या पाकिटांतली दोन उरली होती. त्यावरचं तुझं नाव खोडून तिकडचा पत्ता घातला असता, तर कोणाला कळलं नसतं. पण आडोसा घेतल्यावर काय होतं ते पाहिलं. म्हणून मी साधं पोस्टकार्ड घेतलं आणि मराठीत लिहिलं. काय लिहिलं ते तुलाही सांगते, आता तुझे कान तापले तर तापू देत.

"मला इंग्रजी येत नाही. लग्नात दादा खोटं बोलला आणि मी गप्प राहिले, त्याची क्षमा असावी. आपल्या ओळींचा अर्थ मला आता कळला. क्वार्टर सोडू नका, मी येते. तुम्ही मला आवडता. संध्याकाळी मलाही करमत नाही. धानाचं विसरा."

रीतीप्रमाणे कार्ड मामाजींच्या हातात दिलं. ते सपरीत बसले होते. दुलीचंद काका होतेच. मामाजींनी चष्मा लावला आणि मोठ्यानं सुरुवात केली, "मला इंग्रजी येत नाही." थांबले. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी दाराला धरून उभी होते, पण आत गेले नाही. मग त्यांनी पुढचं वाचलं, नुसते ओठ हलत होते. शेवटपर्यंत गेले, पुन्हा वर आले, पुन्हा वाचलं.

दुलीचंद काका म्हणाले, "काऊन थांबले गा? पुढं काय लिवलं आहे?"

मामाजी म्हणाले, "धानाचं लिवलं आहे."

दादा, तुझी शपथ, हेच म्हणाले! मला पदर तोंडात कोंबावा लागला.

मग त्यांनी कार्ड बंडीच्या खिशात घातलं, बैल जुंपायला लावले आणि स्वतः तिरोड्याला गेले. इथल्या पेटीत टाकलं असतं तर परवा निघालं असतं, म्हणून स्टेशनावर जाऊन डाकगाडीत देऊन आले. परतल्यावर मला बोलावलं. खाटेवर बसून बराच वेळ पायाची धूळ झाडत राहिले. मग म्हणाले, "तो दर खेपी असंच लिवत होता का व?"

मी मान हलवली.

"आन् मी त्या दुलीचंदले दोनदा ऐकू देल्लं," असं म्हणून त्यांनी कपाळावर हात मारला. मग घरात ओरडले, "आयकलं का? इची पेटी काढा वरून. पोरगी खरगपूरले जाते." सासूबाईंनी कारण विचारलं, तर म्हणाले, "पोराचे जेवनाचे हाल होऊन रायले." सासूबाई एवढंच बोलल्या, "मी तं दिवाळीपासून सांगून रायली." आणि सिंगाड्याचं पीठ बांधायला लागल्या. त्यांच्या पोराला ते फार आवडतं म्हणे. म्हणजे आता मला तेही कळलं.

पंचवीस तारखेला मामाजी मला घेऊन निघतील. गाडी गोंदियावरून जाते. तू स्टेशनावर ये. मी बोलेन की नाही ते तेव्हा ठरवीन, पण तू ये.

एक विचारते. मला सगळे शब्द इतके समजावून दिलेस. वहिनीला यातला कोणता सांगितलास?

तुझी
प्रेमिला

(पोस्टकार्ड)

गोंदिया
ता. ६ एप्रिल १९३६

चि. सौ. प्रेमिलास अनेक आशीर्वाद.

पोचल्याचं कार्ड मिळालं. पेरूला फुलं आली आहेत आणि तुला पाणी लांबून आणावं लागत नाही हे वाचून बरं वाटलं. स्टेशनावर तू बोलली नाहीस, पण गाडी हलताना सिंगाड्याची पुरचुंडी माझ्या हातात कोंबलीस. मी ती माफी समजतो. तू काय समजतेस ते कळव. गोवर्धनरावांना नमस्कार. तुला इंग्रजी शिकवायला त्यांनी घेतलं आहे, उत्तम. माझ्यापेक्षा ते बरं शिकवतील.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. तू गेल्यावर दहा दिवस मी शब्द जुळवत होतो. काल जेवताना तुझ्या वहिनीला म्हटलं, "तू माहेरी गेलीस की मी दोन ताटं घेतो. रोज. एक तसंच राहते." अठरा वर्षांच्या संसारात मी पहिल्यांदाच असं काही बोललो. कार्ड उघडं आहे, तुमचा पोस्टमनही वाचेल. वाचू दे.

ती वाढता वाढता थांबली. मग माझ्या ताटात भात घातला आणि म्हणाली, "मले मालूम आहे. माहेराहून आली का दोन ताटं मीच तं उचलून ठेवतो."

दादा